फाटकावरची टाळी

कितेरिया कुणाच्याही दारात टाळी वाजवल्याशिवाय पाऊल टाकत नसे. तशी आमच्याकडे ही सगळ्यांचीच रीत. कुंपणाबाहेर उभं राहायचं, दोनदा टाळी वाजवायची, "आहे का कुणी घरात?" म्हणून हाक द्यायची, आणि आतून "या" असं आलं की मगच पुढे व्हायचं. पण बाकीचे ती उरकून टाकतात. कितेरियाची टाळी तीन घरं पलीकडे ऐकू जायची. एकदा शेजारच्या इझाल्तिनाच्या स्वयंपाकघराच्या छपराने पेट घेतला. कितेरिया बादली घेऊन धावत गेली, कुंपणाशी थांबली, बादली खाली ठेवली, दोनदा टाळी वाजवली, बादली उचलली आणि मग आत घुसली. त्यावरून गाव कित्येक वर्षं हसलं.

"अगं, आग काय विचारायला थांबते होय?" इझाल्तिना म्हणायची.

"आग नाही थांबत. पण मला आईबापांनी वळण लावलंय ना!"

या वळणानेच पुढे तिचा घात व्हायचा होता. पण ते सांगायच्या आधी माडांचं सांगायला हवं.

आमच्या मारान्याओत, ब्राझीलच्या या उत्तरेकडच्या मुलखात, बाबासूचा माड कुणी लावत नाही, त्याला कुणी पाणी घालत नाही. तो आपला आपण येतो आणि एकदा आला की माणसाच्या चार पिढ्या बघतो. मुठीएवढं, दगडासारखं टणक फळ पिकलं की आपोआप खाली पडतं. बायका ते वेचतात. कुऱ्हाडीचं पातं वर करून दांडा मांडीखाली दाबायचा, पात्यावर फळ धरायचं आणि वरून लाकडी दांडक्याचा घाव घालायचा. आतून तीन-चार पांढऱ्या बिया निघतात. त्यांचं तेल, त्यांचं दूध, टरफलांचा कोळसा, पानांचं छप्पर. कितेरिया सात वर्षांची असताना पहिल्यांदा पात्यापुढे बसली. बाराव्या वर्षी डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक गेलं. त्याच हाताने तिने पाच मुलं वाढवली आणि नवऱ्याला मूठमाती दिली.

माडांखाली बायकांचे कायदे असतात, आणि ते कुठल्याही कागदावर नसले तरी पोलीसही मोडत नाहीत असे कडक असतात. घड कापायचा नाही, पडेल तेच उचलायचं. फळणाऱ्या माडावर कुऱ्हाड चालवायची नाही. दुसरीने जमवलेल्या ढिगाला हात लावायचा नाही, मग ती महिनाभर का आली नसेना. जमीन कुणाची हा प्रश्न या कायद्यांत कुठेच नव्हता. कुणाला सुचलाच नव्हता.

तो सुचला एका म्हाताऱ्या जमीनदाराला. कितेरिया तेव्हा नऊ वर्षांची होती. शहरातून कागद करून आणला आणि सगळं रान आपलं आहे असं त्याने जाहीर केलं. माणूस बोलायला गोड. कितेरियाच्या आईला, साबिनाला, म्हणाला, "जमीन माझी आहे, पण तुम्ही खुशाल फळं वेचा. मी काही कंजूष नाही." साबिनाने त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. दर नाताळला ती त्याच्याकडे एक पोसलेली कोंबडी पाठवायची. पाच वर्षांनी त्याला कुरणं करायची झाली तेव्हा त्याने बायकांना हाकललं. साबिना रागारागाने तालुक्याला गेली. बरोबर कितेरिया होती. तिथल्या साहेबाने एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला आत जायची परवानगी होती?"

"होती तर!" साबिना छाती पुढे काढून म्हणाली. "खुद्द मालकाने दिली होती."

"मग आता त्याने ती परत घेतली," साहेब म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

साबिना अकरा कोस चालत परतली. घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता म्हणाली, "पोरी, देतो म्हणणाऱ्याकडून आपलीच वस्तू कधी घेऊ नकोस." त्यानंतर कितीतरी वर्षं बायका त्याच माडांखाली निम्म्या वाट्याने राबल्या. निम्म्या बिया त्यांच्या, निम्म्या म्हाताऱ्याच्या. तो मेला, वारसांचं आपसात जुंपलं, जमीन बेवारशी पडली, आणि वीस-बावीस वर्षं माड पुन्हा होते तसे सगळ्यांचे झाले. साबिना तोवर राहिली नव्हती.

मग एव्हाल्दो आला. त्याने वारसांकडून सगळं रान विकत घेतलं, पाच पदरी काटेरी तार ओढली, रस्त्याच्या बाजूला लोखंडी फाटक बसवलं, आणि फाटकाला लागून राखणदारासाठी एक खोली बांधली. राखणदार म्हणून ठेवला वाल्दिविनोला. हा इझाल्तिनाचा थोरला. बाप्तिस्म्याला त्याला हातात धरलं होतं कितेरियाने, म्हणजे ती त्याची धर्मआई, आणि त्या नात्याने दोघी बायका एकमेकींच्या कोमाद्रे. चाळिशीला आलेला हा गडी, पण धर्मआई दिसली की अजून डोक्यावरची टोपी काढून "आशीर्वाद, धर्मआई" म्हणायचा. तिने "देव तुझं भलं करो" म्हटल्याशिवाय टोपी परत चढायची नाही. आमच्याकडे हे असंच असतं.

फाटक बसलं त्याच्या दुसऱ्या सकाळी बायका टोपल्या घेऊन तिथे पोचल्या. फाटक नुसतं लोटलेलं होतं. शेजारी वाल्दिविनोची खोली, दाराशी त्याचा वाळत घातलेला शर्ट. एक तरुण बाई सरळ आत निघाली, तर कितेरियाने तिला दंडाला धरून मागे खेचलं.

"कुठे निघालीस गं बेशरम? माणूस राहतोय इथे. टाळी वाजव."

तिने वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. आतून वाल्दिविनो म्हणाला, "या, या." हे सात महिने चाललं. रोज टाळी, रोज "या".

सात महिन्यांनी एव्हाल्दोने खालच्या अंगाचे माड पाडायला यंत्र आणलं. त्याला बैलांसाठी गवत हवं होतं. बायका कुऱ्हाडी मांडीखाली दाबून त्या यंत्रापुढे ओळीने बसल्या आणि फळं फोडू लागल्या. यंत्रवाला दुपारपर्यंत थांबला, जेवला, निघून गेला. एव्हाल्दो काही म्हाताऱ्यासारखा जुन्या वळणाचा नव्हता, शिकलेला होता. आठवड्याने तो स्वतः गावात आला, हातात टाइप केलेला कागद घेऊन. गावातल्या बायकांना वरच्या अंगाच्या माडांतून फळं वेचायला मालक फुकट परवानगी देत आहे. निम्मा वाटा नाही, काही नाही. खाली सही नाहीतर अंगठा.

बायकांना हर्ष झाला. इझाल्तिनाचा अंगठा शाईत बुडालाही होता.

"थांब, कोमाद्रे," कितेरिया म्हणाली. एव्हाल्दोकडे वळून तिने विचारलं, "मालक, ही परवानगी मागितली कुणी?"

"मागायला कशाला हवी? मी आपणहून देतोय."

"तेच तर. मग ठेवा तुमच्याकडेच."

त्या संध्याकाळी कितेरियाच्या अंगणात जे भांडण पेटलं ते अख्ख्या गावाने ऐकलं. इझाल्तिनाच्या जिभेला एरवीही हाड नव्हतं.

"तू काय राणी लागून गेलीस? फुकट देतोय तर घ्यायला तुझं काय जातं?"

"फुकट देणाऱ्याला माझ्या आईने कोंबड्या खाऊ घातल्या पाच वर्षं."

"तुझ्या आईचं तू आम्हाला नको सांगूस! माझा पोरगा त्याच्या दारात चाकरीला आहे. त्याची नोकरी गेली तर तू घालणार आहेस त्याला खायला?"

"घालीन. माझ्या ताटातला भात त्याचा. पण अंगठा नाही उठवणार, आणि तूही उठवायचा नाहीस."

इझाल्तिनाने शाईचा अंगठा कितेरियाच्या दाराच्या खांबाला पुसला आणि तणतणत गेली. तो डाग अजून आहे. पण सही कुणीच केली नाही, कारण कितेरियाचा राग परवडला तरी ती खरी ठरली तर काय, ही भीती सगळ्यांनाच होती.

एव्हाल्दो कोर्टात गेला. फाटकाला साखळी लागली. आणि मग जी नोटीस आली ती शाळेच्या बाईंनी चर्चच्या ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं की सदर बायका सात महिने दररोज फाटकाशी उभ्या राहून, टाळ्या वाजवून, मालकाच्या माणसाकडे आत येण्याची परवानगी मागत होत्या. म्हणजे जमीन आणि तिच्यावरचे माड दुसऱ्याचे आहेत हे त्यांना पूर्ण मान्य होतं. ती परवानगी मालक आता काढून घेत आहे.

कितेरिया ओट्यावरून उठली आणि घरी गेली. कागदावर अंगठा उठवायला नको म्हणून तिने सगळ्या गावाशी वैर घेतलं होतं, आणि इथे तिच्याच दोन हातांनी सात महिने रोज अंगठा उठवला होता. नुसता उठवला नव्हता, बाकीच्यांचे दंड धरून उठवायला लावला होता. आईने फसावं आणि लेकीने डोळ्यांत तेल घालून जपावं, आणि तरी त्याच खड्ड्यात पडावं, याची तिला इतकी चीड आली की रात्रीचा भात तसाच भांड्यात राहिला.

तीन आठवडे साखळी होती, आणि तारेखालून शिरणारीला पोलिसांची धमकी. ऐन फळगळीचे दिवस. तारेपलीकडे पिकलेल्या फळांचा सडा पडलेला दिसायचा आणि अलीकडे चुली गार. इझाल्तिना बोलत नव्हती. वाल्दिविनो टोपी हातात घेऊन आशीर्वाद मागायचा तेव्हा वर बघत नव्हता.

मग न्यायाधीश जागा बघायला आल्या. तरुण बाई होत्या, राजधानीतून आलेल्या, पायात पांढरे बूट, जे पहिल्या पाच मिनिटांत पांढरे राहिले नाहीत. साखळी काढली. एका बाजूला एव्हाल्दो आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला टोपल्या घेतलेल्या तीस बायका.

"फाटकाशी तुम्ही टाळी वाजवायचात, हे खरं आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"खरं आहे," कितेरिया म्हणाली. "आणि या सगळ्यांना मीच वाजवायला लावली."

वकील गालातल्या गालात हसला. बायकांत कुजबुज झाली. इझाल्तिनाने कपाळाला हात लावला.

"म्हणजे आत यायची परवानगी मागत होतात?"

"होय. वाल्दिविनोची." तिने खोलीकडे बोट केलं. "बाईसाहेब, ते बघा त्याचं दार. एकटा माणूस, उकाड्याचे दिवस, चड्डीवर बसलेला असतो. तीस बायका एकदम समोरून गेल्या तर बिचाऱ्याने पळावं कुठे? त्याच्या अब्रूसाठी वाजवली टाळी. माडांना कुठे चड्डी असते?"

बायका खो खो हसल्या. वाल्दिविनोचे कान लाल झाले. न्यायाधीशबाईंनी ओठ दाबून धरले, पण डोळे हसले.

"हे बोलायला ठीक आहे," वकील म्हणाला. "पुरावा काय?"

"चला, दाखवते."

ती पुढे निघाली, तारेच्या कडेकडेने, ओढ्यापर्यंत. तिथे वरच्या वस्तीच्या बायका ओढा ओलांडून येतात. पायवाट खोल गेलेली, एव्हाल्दोची तार तिच्यावरून आडवी गेलेली. कितेरिया वाकून तारेखालून पलीकडे गेली. "इथे कुणी राहत नाही. सात महिन्यांत इथे कुणी टाळी वाजवली का, विचारा त्या बायकांना. विचारा वाल्दिविनोला."

न्यायाधीशबाईंनी वाल्दिविनोकडे पाहिलं. एव्हाल्दोनेही पाहिलं. वाल्दिविनोने टोपी काढली, परत घातली.

"नाही वाजवली," तो म्हणाला. "कधीच नाही."

इझाल्तिनाने डोळे मिटले. पोराची नोकरी तिथल्या तिथे गेली म्हणून ती धरून चालली.

पलीकडे एका म्हाताऱ्या माडाखाली कितेरिया गुडघ्यांवर बसली आणि कुऱ्हाडीने जमीन उकरू लागली. वर कोरडी टरफलं, त्याखाली काळी पडलेली, त्याखाली भुगा झालेली. हात कोपरापर्यंत आत गेला तरी टरफलं संपेनात. "ही वरची माझी," ती म्हणाली. "खालची माझ्या आईची. त्याच्याखालची कुणाची ते आई नावानिशी सांगायची, मी ऐकलं नाही नीट, लहान होते. पण बाईसाहेब, या एवढ्या बायकांनी कुणाला विचारलं होतं? तेव्हा फाटक कुठे होतं?"

मग वकिलाने एव्हाल्दोच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पुढे होऊन म्हणाला, "बाईसाहेब, मालकांचं मन मोठं आहे. वाद मिटवू. सगळ्या माडांतून, सगळ्या बायकांना, कायमची, फुकट परवानगी. आत्ता तुमच्यासमोर लिहून देतो."

कायमची. सगळ्या माडांतून. बायकांत श्वास रोखले गेले. न्यायाधीशबाईंच्या चेहऱ्यावरही सुटका दिसली. "बघा," त्या कितेरियाला म्हणाल्या, "तुम्हाला हवं होतं ते सगळं मिळतंय."

"घे गं," मागून इझाल्तिना म्हणाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्याशी बोलली होती. "कोमाद्रे, पाया पडते तुझ्या, घे."

कितेरियाला घ्यावंसं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार वाटलं. घरी पीठ संपलं होतं.

"लिहा," ती म्हणाली. "फक्त एक शब्द बदला. परवानगी लिहू नका. या बायकांचा हक्क आहे, असं लिहा."

"अहो, त्याने काय फरक पडतो?" वकील म्हणाला. "आत जायला मिळाल्याशी मतलब."

"फरक पडत नाही ना? मग लिहा की."

वकिलाने एव्हाल्दोकडे पाहिलं. एव्हाल्दो लाल झाला. "ते नाही चालणार," तो म्हणाला.

"का?" हे कितेरियाने नाही, न्यायाधीशबाईंनी विचारलं.

आता एव्हाल्दोने वकिलाकडे पाहिलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, बऱ्याच ओळी लिहिल्या, आणि निकाल लेखी येईल म्हणून गाडीत बसल्या.

गाडीची धूळ बसायच्या आत एव्हाल्दोने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाल्दिविनोला सांगितलं, "निकाल येईपर्यंत फाटक उघडं ठेव. मी काही राक्षस नाही. पण आत जाणाऱ्या प्रत्येकीने इथे थांबून तुला विचारायचं. आधी वाजवायच्या तशी टाळी वाजवायची. न विचारता जी पाऊल टाकेल तिला पोलिसात देईन. आणि तू नुसता बघत राहिलास तर तुलाही घरी पाठवीन."

फाटक उघडं, आत फळांचा सडा, आणि बदल्यात फक्त दोन टाळ्या. ज्या बाईने जळत्या घरातसुद्धा टाळी वाजवल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, तिच्याकडून.

सकाळी तीसही बायका आल्या. कुणी पुढे होईना. इझाल्तिना तर सगळ्यात मागे उभी होती, पोराच्या खोलीकडे बघत. कितेरिया फाटकाशी आली आणि तिचे हात आपोआप वर आले. साठ वर्षांची सवय, एका दिवसात जाते थोडीच. तिने आपल्याच हातांकडे असं पाहिलं, जणू ते कुणा दुसरीचेच असावेत. मग उजव्या हातात कुऱ्हाड घट्ट धरली, डाव्या हाताने टोपली कमरेवर दाबली, आणि चालू लागली.

वाल्दिविनो खुर्चीवरून उठला. फाटकाच्या मधोमध येऊन उभा राहिला. तिला थांबवायचं, नाव लिहून घ्यायचं, एवढंच त्याचं काम होतं. ती थांबली नाही. एका हाताचं अंतर राहिलं तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"आशीर्वाद, धर्मआई," तो म्हणाला.

"देव तुझं भलं करो, पोरा. बाजूला हो."

तो बाजूला झाला. मागून कुणी टाळी वाजवली नाही. पहिली जी आत शिरली ती इझाल्तिना होती, आणि ती जाताना पोराच्या दंडावर हात ठेवून गेली.

पोलीस त्या दिवशी आले नाहीत. वाल्दिविनोला आठवड्याभरात काढलं, आणि तो जेवला खरोखरच कितेरियाच्या ताटात, नवं काम मिळेपर्यंत. निकाल पावसाळ्यात आला. शाळेच्या बाईंनी तो चर्चच्या ओट्यावर वाचला आणि सगळ्या नाचू लागल्या, पण कितेरियाने त्यांना तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला. परवानगी हा शब्द कुठे येतो का, एवढंच तिला ऐकायचं होतं. तो कुठेच नव्हता.

वाल्दिविनो आता ओढ्यापलीकडे राहतो. दर रविवारी कितेरिया त्याच्याकडे कॉफीला जाते. वाटेत ते फाटक लागतं, त्यातून ती तशीच पार होते. पुढे त्याच्या कुंपणाशी पोचली की टोपली खाली ठेवते, दोनदा टाळी वाजवते, आणि आतून "या" येईपर्यंत उन्हात उभी राहते.